शंभर मैलांचे पर्वतवलय आणि आपले रुग्णालय

(देणगीदार व स्वयंसेवक यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचे आकडे आपणांसमोर ठेवतो. यंदाचे आकडे याच अहवालाच्या उत्तरार्धात छापलेले आहेत. लेखापरीक्षकांनी ते तपासले आहेत, त्यामुळे त्यांची उजळणी येथे करीत नाही. आजचा विषय थोडा अनपेक्षित वाटेल. तो विषय आहे उंच डोंगरांतून दीर्घ अंतर धावण्याचा. रुग्णालयाच्या अहवालात धावपटूंचे काय काम, असा प्रश्न काही जणांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे, आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तो विचारला गेला आहे.

प्रसंग असा. पावसाळा संपल्यावर आमच्याकडे एक विनंतीपत्र आले. आपल्या भागातील डोंगररांगेत पन्नास किलोमीटरची धाव भरविणाऱ्या मंडळींनी, या धावेची वैद्यकीय जबाबदारी आपल्या रुग्णालयाने स्वीकारावी, असे सुचविले होते. रुग्णवाहिका, दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधे अशी त्यांची मागणी होती. विश्वस्त मंडळात यावर दोन मते पडली. एका बाजूचे म्हणणे असे की गरीब रुग्णांसाठी मिळालेला पैसा धडधाकट माणसांच्या हौसेवर का खर्च करावा? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ही मंडळी अखेर आपल्याच अपघात विभागात येणार आहेत. मग ती आडवी होऊन येण्याआधीच आपण तेथे का असू नये? निर्णय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला आणि माहिती गोळा करण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जग हिशेबाच्या वहीतून पाहण्याची आम्हांला सवय. पळण्याशी आमचा संबंध शाळेच्या मैदानावरच संपला. तरीही या निमित्ताने जे वाचले आणि आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतले, त्याने आम्ही पुरते गुंतून गेलो. पुष्कळ शर्यतींची माहिती मिळाली. त्यांपैकी एकीविषयी विस्ताराने बोलावेसे वाटते, कारण तिचे मूळ, योगायोगाने म्हणा, रुग्णालयांच्या इतिहासाशी जाऊन भिडते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य भागात सॅन वॉन नावाची पर्वतराजी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे चांदी आणि सोने सापडले व खाणकामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. सिल्व्हरटन, टेल्युराइड, ऊरे आणि लेक सिटी ही त्यांतील प्रमुख गावे. कठीण खडक फोडून धातू काढणाऱ्या या कामगारांना तेथे ‘हार्डरॉक मायनर’ म्हणत. दगडाची धूळ फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस, सुरुंगाचे अपघात, हिवाळ्यातील हिमलोट आणि न्यूमोनिया हे त्यांचे नित्याचे सोबती होते. या दुर्गम गावांत रुग्णालये कोणी उभारली, हे पाहण्यासारखे आहे. ऊरे येथे १८८७ साली ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या सेवाव्रती भगिनींनी रुग्णालय चालविण्यास घेतले. आज त्या इमारतीत गावाचे इतिहास संग्रहालय आहे. टेल्युराइड आणि सिल्व्हरटन येथे तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकामगारांच्या संघटनांनीच स्वतःची रुग्णालये बांधली. मालकाने दिले नाही, सरकार फार दूर होते, म्हणून मजुरांनी आपल्याच मिळकतीतून खाटा मांडल्या. आपल्या रुग्णालयाच्या पायाभरणीच्या काळातील देणगीपुस्तके ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

सिल्व्हरटनजवळची सनीसाइड ही शेवटची मोठी खाण १९९१ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्या कामगारांच्या स्मरणार्थ ‘हार्डरॉक हंड्रेड’ ही शर्यत सुरू झाली. खाणींकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा आणि खेचरांचे मार्ग जोडून एक वलय आखण्यात आले. सिल्व्हरटनहून निघायचे, डोंगरांना वळसा घालून ऊरे, टेल्युराइड असे करीत पुन्हा सिल्व्हरटनला यायचे. एका वर्षी हे वलय घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पार करतात, पुढील वर्षी उलट दिशेने. शेवटी फीत तोडायची नसते. मेंढ्याचे मस्तक रंगविलेला एक मोठा दगड तेथे उभा असतो, त्याला धावक ओठ टेकतो. त्या क्षणी त्याची शर्यत पूर्ण झाली असे मानतात. खाणकामगाराचे सारे आयुष्य ज्या दगडाशी झुंजण्यात गेले, त्या दगडालाच हा मान आहे.

आता आकडे, कारण त्यांच्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. अंतर सुमारे १६५ किलोमीटर. एकूण चढ सुमारे १०,००० मीटर आणि, वलय असल्यामुळे, उतारही तेवढाच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. समुद्रकिनाऱ्यापासून त्याच्या माथ्यापर्यंत सहा वेळा चढावे, तेवढा हा चढ. या वाटेवरचे सर्वांत खालचे ठिकाण ऊरे गावाजवळ आहे आणि तेदेखील २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या पुष्कळ वर आहे. मार्गाची सरासरी उंची सुमारे ३,३५० मीटर आणि सर्वोच्च बिंदू म्हणजे हँडीज शिखर, ४,२८० मीटर. शर्यत जुलैमध्ये होते, तरी कित्येक ठिकाणी बर्फ असतो, वितळलेल्या बर्फाचे पाणी ओलांडावे लागते आणि दुपारनंतर वीज कडाडते. २०१४ साली हँडीज शिखराच्या परिसरात एका धावकाला खरोखरच विजेचा झटका बसला होता; सुदैवाने तो वाचला. बर्फ, वणवे आणि महासाथ यांमुळे १९९५, २००२, २०१९ आणि २०२० या चार वर्षी शर्यत रद्द करावी लागली.

वेळेची मर्यादा ४८ तास आहे. २०२४ साली लुडोविक पोमरे या फ्रेंच धावपटूने, वयाची पन्नाशी जवळ आली असताना, ती २१ तास ३३ मिनिटांत पूर्ण केली. स्त्रियांत त्याच वर्षी कोर्टनी डॉवाल्टर यांनी २६ तास ११ मिनिटे घेतली. परंतु आमचे लक्ष वेधले ते मागच्या मंडळींनी. पुष्कळांना दोन दिवस आणि दोन रात्री चालत-पळत राहावे लागते. झोप नाही, दुसऱ्या रात्री झाडांच्या जागी माणसे दिसू लागतात, दगड हलताना भासतात. आमच्या अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर दोन रात्री काढलेल्या नातेवाइकांना हे सांगितले, तर ते आश्चर्य करणार नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे शरीराकडे वळतो. हा भाग आमच्या भिषग्वर्य सहकाऱ्यांनी आम्हांला दोन बैठकांत शिकविला आणि तो केवळ धावपटूंच्या उपयोगाचा नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक प्रमाण तेच राहते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. हँडीज शिखरावर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात शिरणारा प्राणवायू घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. घाई केली तर आधी डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे आणि झोप उडणे ही लक्षणे दिसतात. याकडे दुर्लक्ष करून वर जात राहिले, तर फुप्फुसात पाणी साठू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते, आणि ही दोन्ही अवस्था प्राणघातक आहेत. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, ओला खोकला येणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची घंटा होय. त्यावरचा पहिला उपाय औषध नव्हे, खाली उतरणे हा आहे. प्राणवायू आणि औषधे उपयोगी पडतात, पण उतरण्याला पर्याय नाही.

हे आपल्या रुग्णांच्या घरच्यांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्यापैकी कित्येक जण यात्रेला जातात. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे, अमरनाथची गुंफा ३,८८० मीटरच्या आसपास, लेह ३,५०० मीटर. सकाळी पायथ्याच्या गावी न्याहारी करून हेलिकॉप्टरने तासाभरात केदारनाथला उतरणारा साठीतला गृहस्थ शरीराला जुळवून घेण्यास जराही अवधी देत नाही. विमानाने थेट लेहला पोहोचणाऱ्यांचेही तेच. तेथे पहिले एक-दोन दिवस केवळ आराम करावा. हे सांगितले की लोक म्हणतात, ‘एवढे पैसे भरून झोपायला जायचे का?’ होय, झोपायलाच जायचे. अमरनाथ यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि ते उपचार म्हणून नव्हे, गाळणी म्हणून आहे. ते ‘ओळखीतून’ मिळविण्याचा आग्रह आपल्या डॉक्टरांकडे कृपया कोणी धरू नये.

उंचीपेक्षाही एक गोष्ट आम्हांला अधिक चकित करून गेली. गेल्या पावसाळ्यात एका डोंगरधावेनंतर तिशीतील एका गृहस्थांना आपल्या अपघात विभागात आणण्यात आले. धाव कोणी भरविली होती, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. गृहस्थ गुंगीत होते, उलट्या होत होत्या, पत्नीचे नाव विचारले तर उत्तर देता येत नव्हते. सोबत आलेल्या मित्रांनी आणि वाटेतल्या एका दवाखान्यानेही एकच निदान केले होते: अंगातले पाणी कमी झाले, सलाइन लावा. आमच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी बाटली टांगण्याआधी रक्त तपासले. रक्तातील सोडियम फार खाली गेले होते. अंगात पाणी कमी झाले नव्हते, जास्त झाले होते. पाच-सहा तास प्रत्येक टप्प्यावर ‘पाणी प्या, पाणी प्या’ असे ऐकून त्यांनी तहान नसतानाही पाणी पिणे चालू ठेवले होते. अशा रुग्णाला नेहमीचे सलाइन भराभर दिले, तर मेंदूची सूज वाढू शकते. त्यांना तीन टक्के तीव्रतेचे सलाइन अल्प मात्रेत देण्यात आले आणि पहाटेपर्यंत ते शुद्धीवर आले. त्यांच्या पत्नीने आम्हांला विचारले, ‘दिवसभर पाणी प्यायल्यावर माणूस पाण्यानेच आजारी कसा पडतो?’ प्रश्न अगदी बरोबर होता आणि डॉक्टरांना तिला समजावून देण्यास अर्धा तास लागला.

असे घडणे दुर्मीळ आहे असे आम्हांला वाटले होते. परंतु बोस्टन येथील २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांचे सोडियम सामान्य मर्यादेच्या खाली होते. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन धावताना घटण्याऐवजी वाढले होते, त्यांना धोका सर्वाधिक होता. तेव्हापासून ‘जितके पिता येईल तितके प्या’ हा जुना उपदेश मागे पडला आणि ‘तहान लागेल तसे प्या’ हा साधा नियम पुढे आला. आपल्या आजीबाई तेच सांगत.

यासोबत आणखी एक सूचना. दीर्घ धावेत स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर येऊन पडतात. लघवी काळसर चहासारखी झाली तर समजावे की प्रकरण गंभीर आहे. अशा वेळी गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे दमलेल्या मूत्रपिंडावर आणखी ओझे टाकणे होय. आमच्या डायलिसिस विभागात बसलेल्यांपैकी काहींनी वर्षानुवर्षे अशा गोळ्या दुकानातून आणून घेतलेल्या आहेत. ते धावपटू नाहीत. ते शेतात आणि बांधकामावर राबलेले लोक आहेत. गोळीचा परिणाम मात्र तोच.

विश्वस्त मंडळातील ज्येष्ठांनी हौसेचा मुद्दा मांडला, त्याचे उत्तर आम्हांला २०२१ सालच्या एका घटनेत मिळते. चीनच्या कान्सू प्रांतात २२ मे रोजी डोंगरातील शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ धावक होते. दुपारी अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा सुटला, तापमान झपाट्याने घसरले. अंगात अर्ध्या चड्ड्या आणि पातळ सदरे. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट प्रत्येकाने बाळगावे, अशी सक्ती नव्हती. सर्वांत उंच, उघड्या टप्प्यावर मोटार जाण्यासारखा रस्ता नव्हता. २१ जण थंडीने गारठून मरण पावले. त्यांत देशातील नामांकित धावपटू होते. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचविले. सहा जण एका मेंढपाळामुळे वाचले आणि त्या टप्प्यावर संयोजकांची यंत्रणा पोहोचू शकली नाही, हे वाचून आम्ही बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही. सह्याद्रीत बर्फ नाही हे खरे. पण जुलैच्या पावसात, वाऱ्यावर, भिजलेल्या अंगाने सहा तास उघड्या कड्यावर राहिलेल्या माणसाचे तापमान येथेही खाली जाते, हे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट केले आहे. उत्तम व्यवस्थेतही धोका संपत नाही. ‘हार्डरॉक’सारख्या काटेकोर शर्यतीतही २०२५ मध्ये एका धावकाचा मार्गावरच मृत्यू झाला.

मग त्या शर्यतीत चांगले काय आहे? आमच्या मते दोन-तीन गोष्टी.

तेथे दीडशेच्या आसपासच धावक घेतात. अर्ज कितीतरी पट अधिक येतात, म्हणून सोडत काढतात. संख्या वाढविली तर शुल्क वाढेल, प्रायोजक वाढतील, हे न कळण्याइतके ते लोक अडाणी नाहीत. वाटा नाजूक आहेत आणि संकटात किती माणसे खाली आणता येतील याला मर्यादा आहे, म्हणून आकडा रोखून धरला आहे. खाटांच्या संख्येपेक्षा जास्त रुग्ण ‘भरती’ करण्याचा मोह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या संयमाची किंमत कळेल.

दुसरी गोष्ट सेवेची. सोडतीत नाव आले तरी भागत नाही. प्रत्येक धावकाने आठ तासांची सेवा केलेली असावी लागते: पायवाट दुरुस्त करणे, किंवा एखाद्या शर्यतीच्या मदत केंद्रावर राबणे. मदत केंद्र हा शब्द साधा वाटतो. व्हर्जिनियस खिंड सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे, रुंदी जेमतेम काही पावलांची. तेथवर वाहन जात नाही. स्वयंसेवक शेगडी, भांडी, पाणी, अन्न सारे पाठीवर वाहून नेतात, दोर लावतात आणि रात्रभर त्या कपारीत बसून वर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गरम वाडगा देतात. ‘क्रोगर्स कँटीन’ म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. तेथे मागणाऱ्याला टकीलाचा घोटही मिळतो म्हणे. हा भाग आम्ही विश्वस्त मंडळाच्या टिपणात घातलेला नाही.

आमच्या काही सहकाऱ्यांनी सुचविले की आपणही सवलतीचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांकडून आठ तासांची सेवा घ्यावी. आम्ही याच्या ठाम विरोधात आहोत. ज्याचा मुलगा आत खाटेवर आहे, त्या बापाने बाहेर फरशी पुसावी हे सेवा नव्हे, वसुली आहे. मात्र बरे होऊन घरी गेलेले, ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांच्याकडे रविवार मोकळा आहे, त्यांच्याकडे आम्ही पैशांऐवजी वेळ मागणार आहोत. केस पेपरच्या रांगेत निरक्षर माणसाला हात धरून नेणारा कोणी असला, तर आमच्या दोन लिपिकांचा भार हलका होतो, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट आप्तेष्टांनी लक्षपूर्वक ऐकावी. या शर्यतीत उत्तरार्धात धावकाबरोबर एक सोबती चालू शकतो. तो वाट दाखवितो, बोलत राहतो, डुलकी येऊ देत नाही, खायची आठवण करतो. परंतु धावकाचे ओझे त्याने उचलायचे नाही, असा नियम आहे. आणि नेमलेल्या ठिकाणाशिवाय बाहेरची मदत घेतली, तर शर्यतीतून काढून टाकतात. २०१८ मध्ये सर्वांत पुढे असलेल्या धावपटूने ऊरेपासून काही अंतरावर आपल्या माणसांकडून पाणी आणि बर्फ घेतला. तो कैक मिनिटे आघाडीवर असूनही बाद झाला. नियम कठोर वाटतो. पण पक्षाघातानंतर घरी गेलेल्या रुग्णाबाबत आमच्या भौतिकोपचार विभागाच्या बाई नेमके हेच सांगत असतात. सून प्रेमाने घास भरविते, मुलगा प्रेमाने शर्टाची बटणे लावून देतो आणि तीन महिन्यांनी तो हात जागचा हलत नाही. जवळ बसा, बोला, पडू देऊ नका. बटण त्यांना लावू द्या, वीस मिनिटे लागली तरी. हे पाहत बसणे ओझे उचलण्याहून अवघड असते, हे आम्ही जाणतो.

आता विनंतीपत्राविषयी. आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवलेली शिफारस अशी आहे की जबाबदारी घ्यावी, पण आपल्या अटींवर. गरीब रुग्ण निधीतून एक रुपयाही या कामी वळविला जाणार नाही. डॉक्टर, रुग्णवाहिका, इंधन, औषधे यांचा संपूर्ण खर्च संयोजकांनी आगाऊ भरावा आणि त्याचा हिशेब स्वतंत्र खात्यात राहावा. त्या दिवशी अपघात विभागातील नित्याची रुग्णवाहिका जागची हलणार नाही. डोंगरासाठी दुसरी भाड्याने घ्यावी. धावकांची संख्या, आम्ही किती जणांना एका वेळी खाली आणू शकतो हे पाहून ठरावी, जाहिरात पाहून नव्हे. प्रत्येकाजवळ वारा-पावसाचे जाकीट, शिट्टी आणि विजेरी असल्याची तपासणी सुरुवातीलाच व्हावी, आणि नसेल त्याला परत पाठवावे. सोडियम जागेवरच तपासणारे छोटे यंत्र मधल्या केंद्रावर असावे. हवामान बिघडले तर धाव थांबविण्याचा निर्णय एका ठरावीक व्यक्तीने घ्यावा आणि त्या व्यक्तीचे नाव आम्हांला आधी लेखी कळवावे.

शेवटची अट अशी की आमच्या डॉक्टरने ‘थांबा’ म्हटले की धावकाने थांबलेच पाहिजे. संयोजक, प्रायोजक, धावकाचा मित्र, कोणाचेही मन त्यावर चालणार नाही. या एका अटीवर संयोजकांशी बोलणी अडली आहेत. त्यांचे म्हणणे असे की लोक वर्षभर तयारी करून, पैसे भरून येतात. अखेरच्या टप्प्यावर त्यांना अडविले तर वाद होतील. वाद होतील हे आम्हांलाही मान्य आहे. अपघात विभागात घरी जाण्याचा हट्ट धरणाऱ्या छातीदुखीच्या रुग्णाशी आमचे डॉक्टर रोज वाद घालतात. ही अट मान्य झाली नाही तर आम्ही नम्रपणे नकार कळवू, असे पत्र गेल्या सोमवारी रवाना झाले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

उत्तर काहीही आले तरी, उंचावरील आजार, सोडियमची घट, गारठणे आणि विजेपासून बचाव या चार विषयांवरचे प्रशिक्षण आपण घेणारच आहोत. यात्रेला निघणाऱ्या रुग्णांना आणि शेजारच्या गिर्यारोहण मंडळांतील तरुणांना त्यात प्रवेश राहील. वर्ग दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता भरतील. शुल्क नाही. नावे बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर द्यावीत; जागा चाळीस आहेत आणि चाळीसच राहतील.